इलेक्ट्रिक मॉडेल विमान : मोटर, प्रॉप आणि बॅटरी यांची सांगड

नवं विमान बांधायला घेतलं की ‘कोणती मोटर घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. मी त्यावर दर वेळी दोन गोष्टी विचारतो : उडायला तयार झालेलं विमान किती ग्रॅमचं असेल, आणि नाकाखाली किती इंचांचा प्रॉप (प्रोपेलर, नाकावरचा पंखा) मोकळा फिरेल? ही दोन उत्तरं हातात आली की मोटर जवळजवळ आपोआप ठरते. खालचे प्रश्न मला मैदानावर पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत.

मोटरपासून सुरुवात करू की बॅटरीपासून?

दोन्हींपासून नको, विमानापासून करा. बॅटरीसकट सगळं वजन किलोत घ्या आणि विमानाच्या स्वभावाप्रमाणे त्याला वॅटने गुणा. मोटर लावलेला ग्लायडर किंवा संथ उडणारं हलकं विमान असेल तर किलोमागे १०० ते १५० वॅट. शिकाऊ हाय-विंग (पंख वर बसवलेल्या) ट्रेनरला १५० ते २००. लूप-रोल करणाऱ्या स्पोर्ट विमानाला २२० ते ३००. नाक वर करून प्रॉपवर लटकणाऱ्या थ्रीडी विमानाला ३५० च्या पुढे.

हे वॅट म्हणजे फुल थ्रॉटलला बॅटरीतून निघणारे वॅट, व्होल्ट गुणिले अँपिअर. त्यातले साधारण ७५ ते ८५ टक्के शाफ्टवर पोचतात, उरलेले मोटर आणि ईएससी (थ्रॉटलप्रमाणे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापवण्यात जातात. हे सगळे ठोकताळे आहेत, पण चांगले ठोकताळे आहेत. यांच्या आसपास राहिलात तर विमान उडतं.

केव्ही जास्त म्हणजे मोटर ताकदवान ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर प्रॉप नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेते, एवढंच तो आकडा सांगतो. १००० केव्हीची मोटर १० व्होल्टवर मोकळी फिरवली तर सुमारे १०,००० फेरे.

एकाच आकाराच्या दोन मोटर घ्या, एक ९०० केव्हीची, दुसरी १४०० ची. बेल (बाहेरचा फिरणारा डबा) तीच, चुंबकं तीच, तांब्याचं वजनही जवळपास तेच. फरक इतकाच, की ९०० च्या वाइंडिंगमध्ये बारीक तारेचे जास्त वेढे आहेत आणि १४०० च्या वाइंडिंगमध्ये जाड तारेचे कमी. दोघी जवळपास सारखेच वॅट पेलतात. केव्ही वाढला की दर अँपिअरमागे मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क, त्याच प्रमाणात कमी होतो. ९.५५ ला केव्हीने भागा, की एका अँपिअरला किती न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो ते कळतं. म्हणून कमी केव्हीची मोटर मोठा प्रॉप सावकाश फिरवायला, जास्त केव्हीची छोटा प्रॉप भरभर फिरवायला. सायकलच्या गिअरसारखं आहे हे. गिअर बदलल्याने पाय दणकट होत नाहीत.

मग मोटरची खरी ताकद कशावर कळते?

वजनावर. चांगल्या आउटरनर (बाहेरचा डबा फिरणाऱ्या) मोटरला ग्रॅममागे ३ वॅट बराच वेळ सोसतात, नाकात हवा नीट खेळती असेल तर. ८० ग्रॅमची मोटर म्हणजे २४० वॅट. कुणी ५० ग्रॅमच्या मोटरवर ४०० वॅट लिहिलं असेल, तर ते काही सेकंदांचे वॅट समजा.

मोटरवर २२१२ किंवा २८१४ असे चार आकडे असतात. बरेच उत्पादक त्यात स्टेटरचा (आतल्या न फिरणाऱ्या भागाचा) व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये देतात : २२ व्यास, १२ उंची. काही जण मात्र बाहेरच्या डब्याचं माप छापतात. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर दोन मोटरची तुलना करू नका, तराजूवर ठेवा.

मोटर ३० अँपिअरची आहे, म्हणजे ती ३० अँपिअर घेणार का?

मोटर तिला पाहिजे तेवढा करंट घेत नाही आणि बॅटरी तिला पाहिजे तेवढा ढकलत नाही. करंट ठरवतो प्रॉप. मोटर तिच्या केव्ही आणि व्होल्टनुसार ठरावीक फेऱ्यांपर्यंत पोचायला धडपडते. तिथे पोचण्यासाठी प्रॉप जेवढा पीळ मागेल, तेवढा करंट ती ओढते. प्रॉप फार मोठा असेल तर ती जळेपर्यंत ओढत राहते. छापलेले ३० अँपिअर ही तिची सहनशक्ती आहे. तिथे थांबवणारी कुठलीही यंत्रणा मोटरच्या आत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझं एक हाय-विंग ट्रेनर १०×५ च्या (१० इंच व्यास, ५ इंच पिच; पिच म्हणजे एका फेऱ्यात कागदावर पुढे जायचं अंतर) प्रॉपवर १८ अँपिअर घेत छान उडत होतं. एकदा मैदानावर तो प्रॉप तुटला. बरोबरच्या एकाकडे १२×६ होता, तो लावला. विमान हातातून सुटलं ते असं चढलं, की आधी का नाही लावला असं वाटलं. मिनिट-दीड मिनिटाने आवाज जड झाला, मग थ्रॉटलला प्रतिसादच येईना. उतरवून काउलिंग (नाकावरचं झाकण) काढलं तर जळक्या वार्निशचा तो ओळखीचा, घशात बसणारा वास. वाइंडिंगचे तीन दात अजून तांबूस चमकत होते, बाकीचे काळपट तपकिरी.

हिशेब घरी येऊन केला. प्रॉप फिरवायला लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते आणि पिचच्या सरळ प्रमाणात. १० चे १२ इंच झाले की १.२ चा चौथा घात, म्हणजे २.०७ पट, पिच ५ ची ६ झाली, आणखी १.२ पट. त्याच फेऱ्यांना जवळपास अडीच पट शक्ती! मोटरचे फेरे थोडे पडले असणार, तरी करंट तिशीच्या वर सहज गेला असेल. दोनच इंचांचा फरक होता.

व्यास वाढवू की पिच?

विमान चढत नसेल, सुटायला जड जात असेल तर व्यास. चढतं पण सपाट उडताना वेग धरत नसेल तर पिच. व्यास एक इंचाने वाढवला (समजा १० चा ११) तर भार ४६ टक्क्यांनी वाढतो; पिच ५ ची ६ केली तर २० टक्क्यांनी. म्हणून करंट थोडासाच वाढवायचा किंवा घटवायचा असेल तेव्हा मी पिचला हात घालतो, आणि मोटर खरोखर तापत असेल तेव्हा व्यास कमी करतो.

ट्रेनर आणि संथ विमानांना पिच व्यासाच्या निम्म्याच्या आसपास बरी पडते. वेगवान विमानांना पिच व्यासाच्या जवळ जाते, पण असा प्रॉप विमान जागेवर असताना हवा नुसती घुसळतो. त्याची पाती वेग आल्यावरच नीट पकड घेतात. हाताने सोडायच्या विमानाला हे फार जाणवतं.

विमान जोरात ओढतं, पण वाऱ्यात पुढे सरकत नाही. का?

पिच स्पीड कमी आहे. प्रॉप एका फेऱ्यात कागदावर जितके इंच पुढे जातो ती त्याची पिच. पिच गुणिले मिनिटाचे फेरे गुणिले ०.००१५२४, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. १०×५ चा प्रॉप ८००० फेऱ्यांना सुमारे ६१ किलोमीटर देतो. विमान त्यापेक्षा फारसं वेगात जाणार नाही, कितीही वॅट ओता. पिच स्पीड विमानाच्या स्टॉल स्पीडच्या (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत त्या वेगाच्या) निदान अडीच पट असावी असं मी धरतो. तीन पट असेल तर वाऱ्यातही निर्धास्त.

एक हिशेब पूर्ण करून दाखवा ना.

बॅटरीसकट १.२ किलोचं ट्रेनर घेऊ. पंखांचा विस्तार १.३ मीटर, रुंदी २२ सेंटिमीटर. अशा विमानाची स्टॉल स्पीड ताशी २७ किलोमीटरच्या आसपास येते.

किलोमागे २०० धरले तर २४० वॅट. ३एस लायपो (एकापाठोपाठ जोडलेल्या तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) कागदावर ११.१ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर १२.६, पण भार पडला की १०.८ च्या आसपास बसते. हिशेब नेहमी या बसलेल्या व्होल्टवर करा. २४० ला १०.८ ने भागलं, २२ अँपिअर झाले.

आता प्रॉप. नाकाखाली ११ इंच मोकळे फिरतात, म्हणून ११×५.५ घेतला. शाफ्टवर सुमारे १९० वॅट पोचतील. हा प्रॉप तेवढी शक्ती ८००० फेऱ्यांच्या आसपास खातो. पिच स्पीड आली ६७ किलोमीटर, म्हणजे स्टॉलच्या अडीच पट. चालेल.

मग केव्ही. ८००० ला सरळ १०.८ ने भागू नका, कारण वाइंडिंगच्या रोधात काही व्होल्ट खर्च होतात. मोटर आणि ईएससी मिळून ०.०७ ओहम धरले तर २२ अँपिअरला दीड व्होल्ट गेले, उरले ९.३. ८००० भागिले ९.३, म्हणजे ८६० केव्ही. बाजारात ८५० ते ९०० च्या मधली मोटर बघायची. वजन? २४० ला ३ ने भागून ८० ग्रॅम. मी ९० ते १०० ग्रॅमची घेईन. ईएससी ३० चा, आणि ४० चा सहज मावत असेल तर ४० चा.

बघा, मोटरचं नाव शेवटी आलं. एवढं सगळं ठरल्यावर कुठल्याही उत्पादकाच्या यादीत तुम्हाला दोन-तीनच मोटर लागू पडतात, आणि निवड सोपी होते.

तीच मोटर, तोच प्रॉप, फक्त ३एस च्या जागी ४एस लावली तर?

व्होल्ट १.३३ पट. करंट साधारण व्होल्टच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १.७८ पट. वॅट घनाने, म्हणजे २.३७ पट. रोधामुळे प्रत्यक्षात थोडे कमी भरतात, पण २२ अँपिअरचे ३५ तरी होतात. वरच्या उदाहरणातली मोटर काही सेकंदांत धोक्यात येते.

सेल वाढवायचाच असेल तर प्रॉप लहान करा, नाहीतर केव्ही उतरवा. मोठ्या विमानात मी सेल वाढवून केव्ही उतरवण्याच्याच बाजूचा आहे. तेच वॅट कमी अँपिअरमध्ये मिळतात, आणि तारांतली, कनेक्टरमधली उष्णता करंटच्या वर्गाने कमी होते.

बॅटरीवरचा ‘सी’ कितपत खरा धरायचा?

‘सी’ म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट मिळेल तो आकडा. २२०० मिलिअँपिअर-अवरची ३०सी बॅटरी कागदावर ६६ अँपिअर देते : २.२ गुणिले ३०. मी निम्मा धरतो. ३३ अँपिअरपर्यंत ती बॅटरी व्होल्ट टिकवून धरते असा माझा अनुभव आहे. पुढे व्होल्ट कोसळतात, पाउच (बॅटरीचं आवरण) गरम होतो आणि काही महिन्यांत फुगायला लागतो. उतरल्यावर बॅटरी हातात धरवेल इतपत कोमट असावी. धरवत नसेल तर ती तुमच्या प्रॉपला पुरी पडत नाहीये.

ईएससी मोटरइतकाच घेऊ की मोठा?

मोजलेल्या करंटपेक्षा २५ ते ३० टक्क्यांनी मोठा. ‘अर्ध्या थ्रॉटलवरच उडवतो, मग छोटा चालेल’ हा युक्तिवाद बऱ्याचदा ऐकू येतो. अर्ध्या थ्रॉटलला ईएससी व्होल्ट कापून कापून देतो, आणि त्या कापाकापीतच त्याला उष्णता होते. शिवाय मोटरमध्ये फिरणारा करंट तेव्हा बॅटरीवर दिसणाऱ्या करंटपेक्षा जास्त असतो. मोठा प्रॉप लावून थ्रॉटल आवरून धरणं हा उपाय नव्हे. एखाद्या घाबरलेल्या क्षणी बोट पूर्ण वर जातंच.

ईएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) जुन्या लिनिअर पद्धतीचा असेल तर ४एस वर चार-पाच सर्व्हो (विमानाचे कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटर) त्यावर टाकू नका. तो तापून बंद पडला तर रिसीव्हरही बंद, आणि विमान गेलं. स्विचिंग बीईसी घ्या.

बॅटरी मागे ठेवायची आहे. तारा लांब केल्या तर?

मोटर आणि ईएससी यांच्यातल्या तारा लांब करा, चालतं. बॅटरी आणि ईएससी यांच्यातल्या शक्यतो करू नका. त्या लांबल्या की ईएससीच्या तोंडाशी व्होल्टचे झटके वाढतात आणि तिथले कपॅसिटर त्या झटक्यांनी मरतात. दुसरा मार्गच नसेल तर ईएससीजवळ चांगल्या प्रतीचे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर जोडून घ्या, प्लस-मायनस तपासून.

मोटर उलटी फिरतेय.

तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. प्रॉपही बघून घ्या : आकडे छापलेली बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला हवी. उलटा बसलेला प्रॉपही थोडाफार ओढतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि लोक मोटरला दोष देतात.

वॉटमीटर खरंच लागतो का? हिशेब तर केलाय.

लागतो. दुसरी मोटर घेण्याआधी वॉटमीटर घ्या. हिशेबात प्रॉपच्या पात्याचा आकार येत नाही, मोटरच्या केव्हीतली दहा टक्के मागेपुढे येत नाही, जुन्या बॅटरीचा रोध येत नाही. एकाच मापाचे दोन उत्पादकांचे प्रॉप माझ्याकडे एकाच मोटरवर तीन अँपिअरच्या फरकाने चाललेत.

मीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये बसतो. बॅटरी पूर्ण भरलेली घ्या, कारण सगळ्यात जास्त करंट तेव्हाच निघतो. विमान घट्ट बांधा किंवा कुणाला तरी शेपटीकडून नीट धरायला सांगा. प्रॉप ज्या पातळीत फिरतो त्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही, तुम्हीही नाही. तुटलेलं पातं त्याच पातळीत सुटतं. थ्रॉटल हळूहळू वाढवत जा, फुलवर पाच-सहा सेकंद, अँपिअर आणि व्होल्ट वाचा, बंद. अर्ध्या थ्रॉटललाच आकडा तुमच्या मर्यादेजवळ आला तर तिथेच थांबा. व्होल्टला सेलच्या संख्येने भागून बघा. भरलेली बॅटरी सेलमागे ३.४ च्या खाली घसरत असेल तर ती या कामाची नाही.

नव्या मोटरवर मी नेहमी अंदाजापेक्षा एक इंच लहान प्रॉपने सुरुवात करतो. लहानावरून मोठ्याकडे जायला फक्त एक नट सोडवावा लागतो.

जमिनीवर मोजलेला करंट हवेतही तेवढाच राहतो?

कमी होतो, बहुतेक विमानांत १० ते २० टक्के. विमान पुढे जायला लागलं की प्रॉपवरचा भार हलका होतो. पण उभ्या चढाईत जवळजवळ जमिनीवरचाच आकडा परत येतो, म्हणून मर्यादा जमिनीवरच्या आकड्याला लावा.

मोटर किती गरम झालेली चालते?

उतरल्या उतरल्या बेलवर बोट तीन-चार सेकंद टेकवता आलं पाहिजे. वार्निश बरीच उष्णता सोसतं, काळजी चुंबकांची. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची कमजोर व्हायला लागतात. मग गोष्ट उलटीच घडते : चुंबक कमजोर झालं की केव्ही वाढतो, केव्ही वाढला की तोच प्रॉप जास्त करंट ओढतो, मोटर आणखी तापते. एकदा भाजलेली मोटर दिसायला धडधाकट असली तरी मीटरवर तपासल्याशिवाय विमानात परत घालू नका.

नाकात हवा शिरायला भोक सगळे ठेवतात, बाहेर पडायला ठेवत नाहीत. बाहेरचं भोक आतल्यापेक्षा मोठं हवं.

तीन पात्यांचा प्रॉप?

जमिनीपासून उंची कमी असेल किंवा मूळ विमानाची हुबेहूब प्रतिकृती असेल तर लावा. दोन पात्यांच्या प्रॉपपेक्षा व्यास एक इंच कमी घ्या आणि पुन्हा मोजा. कार्यक्षमता थोडी घटते.

पातळ स्लो-फ्लायर प्रॉपच्या फेऱ्यांना मर्यादा असते, तेवढी पाळा. एपीसी या उत्पादकाच्या स्लो-फ्लायरसाठी ती ६५,००० भागिले इंचातला व्यास अशी आहे. म्हणजे १० इंची प्रॉपला ६५०० फेरे. छोट्या, चुणचुणीत मोटरवर ती सहज ओलांडली जाते.

किती मिनिटं उडेल? मोठी बॅटरी घातली तर वेळ वाढेल ना?

क्षमतेच्या ८० टक्केच वापरायची. २.२ अँपिअर-अवरचे १.७६, त्याला सरासरी करंटने भागून ६० ने गुणा. आपलं ट्रेनर फुल थ्रॉटलला २२ घेत असेल तर साध्या उड्डाणात सरासरी ११ धरा : साडेनऊ मिनिटं. मी टायमर सातवर लावतो, उतरल्यावर चार्जर किती मिलिअँपिअर-अवर परत भरतो ते बघतो, आणि मग टायमर पुढे-मागे करतो. उतरून थोडा वेळ गेल्यावर सेल ३.७ व्होल्टच्या खाली दिसला तर पुढच्या वेळी एक मिनिट आधी उतरा.

मोठी बॅटरी एका मर्यादेपर्यंतच वेळ वाढवते. वजन वाढलं की स्टॉल स्पीड वाढते आणि विमान हवेत धरून ठेवायलाच जास्त वॅट लागतात. बॅटरीचं वजन हा या छंदाचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. ३० जून १९५७ ला ब्रिटनमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओवर चालणारं इलेक्ट्रिक विमान उडवलं तेव्हा त्यात सिल्व्हर-झिंक बॅटरी होत्या. लायपोने तो प्रश्न खूप सोपा केला, संपवला नाही. बॅटरीचं वजन एकूण वजनाच्या पाव भागापुढे जायला लागलं की मी थांबतो, आणि गुरुत्वमध्य जागेवर आहे ना ते आधी बघतो.

विमान पूर्वीसारखं ओढत नाही. मोटर म्हातारी झाली का?

बहुधा नाही. माझ्या वहीत या ट्रेनरसारख्याच एका विमानाच्या दोन ओळी आहेत. पहिली, नव्या बॅटरीची : ११×५.५, १०.८ व्होल्ट, २२ अँपिअर, २३८ वॅट. दुसरी तीन वर्षांनंतरची, तोच प्रॉप, तीच मोटर, तीच बॅटरी : १०.१ व्होल्ट, १९.२ अँपिअर, १९४ वॅट. व्होल्टही पडले आणि अँपिअरही पडले, याचा अर्थ बॅटरीचा आतला रोध वाढला. मोटर बिघडली असती तर व्होल्ट पडले असते ते अँपिअर वाढल्यामुळे. त्या विमानात नवी बॅटरी घातली आणि मीटरवर पुन्हा २२ आले. मोटर अजून तीच आहे, बेअरिंग तेवढी एकदा बदलली.